पेलिकनची मागची काच

१२ एप्रिल १९९९, सोमवार

टर्कीनं काच फोडली! लिहितानाही खरं वाटत नाही.

व्हीलरांच्या टपालपेटीपाशी थांबले होते. बियाण्यांचं पार्सल पेटीत मावेना म्हणून दारापर्यंत नेऊन दिलं. परत येते तर गाडीच्या मागे एक नर टर्की पिसारा फुलवून उभा. एप्रिल म्हणजे त्यांचा माजाचा महिना. आता चारचौघींसारख्या गाडीची मागची काच आभाळाकडे बघते. माझ्या पेलिकनची बघते जमिनीकडे — वरून बाहेर, खालून आत, अशी उलटी कललेली. तिच्यावर पाऊस पडत नाही, बर्फ साचत नाही. पण खाली उभ्या टर्कीला तिच्यात दुसरा टर्की दिसतो! अडतीस वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

गडी डिकीवर चढला. एक लाथ, दुसरी लाथ. काचेच्या कोपऱ्यात एक जुना टवका होता, तिसरी नेमकी तिथे बसली — आणि सगळी काच खडीसाखरेसारखी खाली. टर्की आधी दचकला. मग दुसरा टर्की नाहीसा झालेला पाहून छाती काढून डिकीवरच दोन फेऱ्या मारल्या त्यानं. मी बघत राहिले. रागवायला हवं होतं. पण काय ऐट होती!

पुढची दोनशे पंच्याण्णव घरं मागून भसाभसा वारा घेत केली. गॅस कंपनीची तीन पत्रकं उडाली.


१३ एप्रिल

पोस्टमास्तर व्हॉन मागे मेणकापड चिकटवलेली गाडी बघून बाहेर आला. हात खिशात. म्हणाला, "मॅव्हिस, आता तरी जपानी घे."

मी म्हटलं, "जपानी गाडीत मधे दांडी असते. उजवीकडं बसून चालवू कशी?"

आम्हा खेड्यातल्या टपालवाल्यांना गाडी स्वतःची. पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, म्हणून बसायचं उजवीकडं आणि डावा पाय, डावा हात लांब करून गाडी हाकायची. त्याला सलग बाकासारखी सीट हवी, गिअर मधे नको. पेलिकनला गिअरची बटणंच आहेत, डॅशबोर्डच्या मधोमध! जणू माझ्यासाठी केली. हे मी व्हॉनला अकरा वर्षं सांगते आहे.

"ते असू दे," म्हणाला. "अठ्ठावीस मेला गाड्यांची तपासणी आहे. मागे खरी काच नसेल तर मी सही करणार नाही. मेणकापड म्हणजे काच नव्हे."

बरोबर आहे त्याचं. म्हणूनच राग आला.


१८ एप्रिल, रविवार

सोळा फोन केले. ओहायो, मिशिगन, टेनेसीतला एक म्हातारा. हॅलबर्ट पेलिकन म्हटलं की आधी सगळे हसतात. मग विचारतात, "अजून चालते?" आवाज बदलतो तिथं. मग गोष्टी सुरू होतात — आत्याकडे होती, शेजाऱ्याकडे होती, लग्नाला नेली होती आणि नवरीनं बसायला नकार दिला. काच मात्र कुणाकडं नाही.

तेरा महिने निघाली ही गाडी. नऊ हजारांच्या आसपास गाड्या; लोक हसले, पुढं कुणी घेईना. मग हॅलबर्टचा कारखाना बंद झाला आणि आमचं डनबार गाव निम्मं रिकामं झालं. मी चौदा वर्षांची होते. बाबा रंगखात्यात होते. त्यानंतर ते बारा वर्षं रोज जाऊन-येऊन दीडशे मैल करायचे, फोर्ट वेनला. एक्कावन्नाव्या वर्षी गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. आई म्हणायची रस्ता.

आणि त्यांची मुलगी ही गाडी चालवते! क्लीटकाका — बाबांचे थोरले भाऊ, तेही तिथलेच — माझ्या गाडीला "ती बया" म्हणतात. "आपल्या घरावर वरवंटा फिरवला त्या बयेनं, आणि तू तिला धुतेस, पुसतेस!"

काय सांगू त्यांना? एका कोंबड्या पाळणाऱ्याच्या परसात दिसली ती मला, ८८ साली. आत तीस कोंबड्या. खालचा ओठ पुढे काढलेला, दिवे एकावर एक तिरके चढवलेले, मागे ती उलटी काच. मी पोट धरून हसले. मग हसू थांबलं तरी मी तिथून हलेना. असं वाटलं की कुणीतरी कुणाचंही न ऐकता ही केली आहे. तेव्हाचा नवरा, ड्वेन, म्हणाला होता, "ती गाडी नाहीतर मी, काय ते ठरव." इतका सोपा प्रश्न मला शाळेतही कुणी घातला नव्हता.


२४ एप्रिल

लोगन्सपोर्टच्या पुढच्या भंगारवाड्यात दिवस घातला. काच नाही. पण काय माणसं — माणसंच म्हणते आता — उभी आहेत तिथं! सगळ्या हिच्यासारख्याच, लोकांनी हसून टाकून दिलेल्या गाड्या. तीन एडसेल ओळीनं, तोंडं वासून, अजूनही काहीतरी कडू चाखल्यासारखी. एक कॉर्व्हेअर, जिचं इंजिन मागं म्हणून कुणी डिकी उघडून घाबरलं असेल. एक ग्रेमलिन, मागचा भाग सुरीनं कापल्यासारखा. पेसर तर गवतात अशी बसली होती की जणू कुणी मत्स्यालय विसरून गेलंय, आत खरंच एक बेडूक होता. तिचं उजवं दार डाव्यापेक्षा लांब आहे, हे हातानं मोजून पाहिलं. चार बोटं जास्त. बाजूला बसणाऱ्याला चढायला सोपं पडावं म्हणून! कुणीतरी बसून हा विचार केला. सगळं जग हसणार हे माहीत नसताना.

टोपी काढली मी. वाडेवाला म्हणाला, "ऊन लागतंय का?"


३ मे

आणखी नऊ फोन. नाही.


६ मे, गुरुवार

पेटी क्रमांक २१७ वरचं लाल निशाण वर होतं — टपाल न्यायचं असलं की घरचे ते वर करतात. आत पत्र नव्हतं, चिठ्ठी होती. पेन्सिलनं, सगळी अक्षरं एका उंचीची, छापल्यासारखी:

"मागची काच आहे. रविवारी दोन वाजता. साबण आणा. — लो. ऑस्ट्रँडर."

लोवेल ऑस्ट्रँडर! एकोणीस वर्षं त्या पेटीत टपाल टाकते आहे, माणूस दोनदा दिसला असेल. बायको होती तेव्हा ती यायची पेटीपाशी, हातमोजे घालून, मान हलवून परत जायची. ती ८६ साली गेली. मग कुणीच येईना. मी पुढच्या वळणावर गेले की दार उघडतं, एवढं आरशात दिसतं. गावात म्हणतात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे नकाशे काढायचा. माणूसघाणा म्हणतात.

साबण कशाला?


९ मे, रविवार

आत्ताच लिहायला हवं.

चौऱ्याऐंशी वर्षांचा उंच म्हातारा. इस्त्रीचा सदरा, वरचं बटण लावलेलं. "हूबरबाई," म्हणाला, "गाडी कोठारापाशी उलटी लावा." नमस्कार नाही, चमत्कार नाही. कोठारात तीन लाकडी खोकी. एक उघडलं — तेलकट कागद, त्याच्या आत काच. माझ्या पेलिकनची! हिरवट झाक, कोपऱ्यात हॅलबर्टचा शिक्का. मी बोट लावलं आणि काढून घेतलं.

"कारखान्याचा लिलाव झाला तेव्हा घेतल्या," म्हणाला. "कुणालाच नको होत्या."

मग काम. रबराच्या पट्टीच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून टेकवायची आणि आतून एकानं दोरी ओढत जायची, म्हणजे रबराचा ओठ काचेवर चढतो. मी आत, दोरी ओढते आहे. तो बाहेरून तळव्यानं काच दाबतो आहे. एकदाही वाकून बघितलं नाही. हाताला सगळं ठाऊक. खालचा डावा कोपरा अडला.

"तो अडणारच," म्हणाला. "तिथं वळण जरा जास्त आहे. पाव इंच कमी चाललं असतं, पण मग छताची रेघ मोडली असती."

मी दोरी सोडली. "हे तुम्हाला कसं माहीत?"

तो काचेच्या पलीकडं, मी अलीकडं. साबणाचे ओघळ मधे.

"ही गाडी कागदावर आम्ही — मी काढली," म्हणाला.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. छत्तीस वर्षं आमच्या गावात ज्याला शिव्या घालतात, ज्याचं नाव कंपनीनं कधी सांगितलं नाही, तो माझ्या पेटी क्रमांक २१७ मधे राहतो!

बाहेर आले. पहिलं तोंडून निघालं ते असं: "माझे वडील तिथं होते. हॅरॉल्ड हूबर. रंगखातं."

"माहीत आहे," म्हणाला. "टपालवाल्या नव्या बाईंचं आडनाव कळलं त्या दिवसापासून माहीत आहे."

मग मी ते विचारलं जे कुणीही विचारलं असतं. म्हटलं, साहेब लोकांनी बिघडवली असेल ना? तुम्ही काढली असेल सुंदर, आणि वरच्यांनी हे तोंड, ही काच—

"नाही." पहिल्यांदाच आवाज चढला त्याचा. "एक रेघ बदलली नाही. कागदावर होती तशीच रस्त्यावर आली. ज्याला ज्याला लोक हसतात ते सगळं मुद्दाम केलेलं आहे. समोरून येणाऱ्याला ती हसरी दिसावी, आणि जाताना पावसातही मागचं दिसावं. बस, एवढंच."

"आणि तुम्हाला ती..."

"सुंदर वाटते," म्हणाला. "रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही त्या वळणावरून येता. मी पडद्यामागं उभा असतो. अकरा वर्षं झाली. दवाखान्याची वेळसुद्धा मी दुपारची घेतो."

मी ज्याला माणूसघाणा समजत होते तो रोज माझी वाट बघत होता. माझी नव्हे. तिची.

काच बसली. एक थेंब आत येणार नाही अशी बसली. येताना मी अर्ध्या वाटेत गाडी बाजूला घेऊन नुसती बसून राहिले. बाबांची आठवण आली — आणि राग आला — आणि राग कुणावर करायचा ते कळेना. वळून बघितलं तर काचेत संध्याकाळचं मक्याचं रान. किती स्वच्छ दिसतं त्यातून!


१६ मे, रविवार

क्लीटकाकांकडे जेवण. पावाच्या दुप्पट मोठं तळलेलं डुकराचं मांस, साय-साखर भरून भाजलेली गोड पाई. पत्त्यांचे दोन डाव हरले.

काकांनी खिडकीतून गाडी बघितली. "काच कुठं मिळाली बयेची?"

"एकाकडं होती."

"ती काच मी बसवायचो. ठाऊक आहे ना? दिवसाला चाळीस." स्वतःच्या मुठी बघत म्हणाले, "ज्यानं ती काढली तो पाच मिनिटं माझ्या तावडीत सापडायला हवा होता. पाचच."

नेहमीचं वाक्य. शंभरदा ऐकलंय. आज मी काटा खाली ठेवला.

"सापडला असता तर काय केलं असतंत?"

"पत्ते पीस," म्हणाले.


२७ मे

रोज अकरा-दहाला आता पडदा हलतो. मी भोंगा वाजवते. एकदा, छोटा. आज पडद्यामागून हात वर झाला.

पेटीत चिठ्ठी टाकली: "१९ जूनला हॅलबर्टच्या जुन्या कामगारांची सहल आहे, माजी सैनिकांच्या मैदानावर. दरवर्षी असते. मी गाडी कधी नेलेली नाही. यंदा न्यावी म्हणते. तुम्ही येणार?"


२८ मे

व्हॉननं काचेवर टकटक केली. वाकून बघितलं, उठून बघितलं. "च्यायला," म्हणाला आणि सही केली.

२१७ मधे उत्तर: "नाही."


४ जून, शुक्रवार

मी पुन्हा विचारलं नव्हतं. कसं विचारणार? ऐंशीच्या घरातली साठेक माणसं, त्यातल्या निम्म्यांची घरं त्या वर्षी गेली. क्लीटकाका तर आहेतच. मी त्याला कुठं उभा करायला निघाले होते?

आज निशाण वर होतं. चिठ्ठी:

"टाय लावावा लागेल का?"


१९ जून, शनिवार

किती लिहू? सगळंच लिहिते.

टाय लावून आला. तपकिरी, रुंद, बाबा लावायचे तसला. गाडीत माझ्या डावीकडं बसला, स्टिअरिंगच्या मागं, हात मांडीवर, आणि मी उजवीकडून चालवते आहे! सिग्नलला लोक बघत होते. "कधी बसलाय का हिच्यात?" मी विचारलं. म्हणाला, "कारखान्याच्या आवारात, एकदा. मग ती बंदच झाली." म्हणजे रस्त्यावर पहिल्यांदा! चौऱ्याऐंशीव्या वर्षी! वाटभर डॅशबोर्डच्या कडेवरून बोट फिरत होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत.

मैदानावर वळले तेव्हा पन्नास-साठ माणसं टेबलांभोवती होती. शेगडीवर मक्याची कणसं. एकेक मान वळली. बोलणं थांबत गेलं, पार शेवटच्या टेबलापर्यंत. कुणीतरी म्हणालं, "अरे देवा, ती आली." हसले थोडे. मग तेही थांबलं.

क्लीटकाका पुढं आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण खांदे अजून दारात अडकतील असे. "मॅव्हिस, इथं आणलीस? आज?"

मी तोंड उघडायच्या आत तो उतरला. दार हळू लावलं. टाय नीट केला.

"मी लोवेल ऑस्ट्रँडर," म्हणाला. आवाज बारीक होता पण सगळ्यांना ऐकू गेला. "ही गाडी माझी. मी काढली. तुमच्यापैकी कुणाला काही बोलायचं असेल तर मी आलो आहे."

मला वाटलं, मी ह्या माणसाला मारायला आणलं.

काका चालत आले. त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबले. मग गाडीला वळसा घालून मागं गेले. आम्ही सगळे बघतोय.

"ही काच," काका म्हणाले. "हीसुद्धा तुझीच?"

"हो."

"इकडं ये."

गेला. काकांनी उजवी मूठ त्याच्या नाकासमोर धरली. बोटांच्या सांध्यांवर पांढरे वण, पाच-सहा, जन्मभर बघत आलेय मी ते. "वरचा पत्रा पुढं येतो ना तुझा. दोरी ओढली की हात सटकायचा आणि सांधे सोलपटून निघायचे. रोज! तेरा महिने! हे तुझं काम आहे, बघून घे."

ऑस्ट्रँडरनं बघितलं. खरंच बघितलं, चष्मा वर करून. "मला कुणी सांगितलं नाही," म्हणाला. "पत्र्याची कड आत वळवता आली असती."

"असती ना?"

"सहज. दोन दिवसांचं काम."

"मी फोरमनला तेच सांगितलं होतं!" काका ओरडले. "तेच! ऐकतंय कोण!" आणि गर्दीकडं वळून, "हा म्हणतोय सहज झालं असतं!"

मग मागून एकजण आला, बेल्ट लावलेल्या पँटीतला वाळका माणूस. म्हणाला, त्या तिरक्या दिव्यांचे स्क्रू घालताना मान वाकडी करावी लागायची, अजून थंडीत दुखते. एक बाई आली, हातात काठी — ती सीटची शिवण करायची — म्हणाली, "कापड मात्र छान होतं हो. तसलं पुन्हा पाहिलं नाही." ऑस्ट्रँडर तिच्याकडं असा वळला की मला वाटलं पडतो की काय. "पुन्हा म्हणा," म्हणाला. तिनं पुन्हा म्हटलं. एकेकजण येऊन आपली आपली तक्रार सांगत होता, आणि कशी सांगत होता! आपल्या दांडगट पोराची तक्रार सांगावी तशी. रांग लागली होती. खरोखरची रांग!

काका शेवटी पुन्हा आले. हातात दोन कागदी बशा, गोड पाई वाढलेल्या. एक त्याला दिली. बंपरवर टेकले दोघं. मी दोन पावलांवर होते, शब्द न् शब्द ऐकला.

"छत्तीस वर्षं तुला शिव्या देतोय," काका म्हणाले. "भेटलास तर पाच मिनिटं हवीत म्हणायचो. त्या पाच मिनिटांत काय करायचं ते काही ठरवलं नव्हतं."

"मी तयारीनं आलो होतो," तो म्हणाला.

"दिसतंय. टाय लावलाय." काकांनी एक घास खाल्ला. मग खाली मान घालून, मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात — पण काकांना हळू बोलता येतंच कुठं! — म्हणाले, "पहिली जेव्हा जोडणीच्या पट्ट्यावरून उतरली ना, दार उघडून उन्हात नेली तिला. सगळ्या खात्यांनी हात थांबवले. कुणी हसलं नाही तेव्हा. हसणं मागाहून आलं, बाहेरून. मला वाटलं होतं... हॅरॉल्ड माझ्या शेजारी होता, त्यालाही. म्हणाला, 'क्लीट, असलं काही जगात कुणी केलेलं नाही, आणि ते डनबारमधे झालं.' घरी गेल्यावर दोघं त्यावर बोललो नाही. कारखाना गेल्यावर तर बोलायची सोयच नव्हती."

हॅरॉल्ड म्हणजे बाबा.

मी बाबांच्या तोंडून त्या गाडीबद्दल एक शब्द कधी ऐकला नव्हता. चांगला नाही, वाईट नाही. पेलिकनचा तो हिरवा रंग त्यांच्या खात्यातून आलेला. मी अकरा वर्षं त्याला मेण लावते आहे.

नंतर सगळे आळीपाळीनं बसले गाडीत. काठीवाली बाई तीनदा बसली. मी मैदानाला चकरा मारत होते आणि ऐंशी-ऐंशी वर्षांची माणसं खिडकीतून हात काढून टेबलांवरच्यांना हाका घालत होती. ऑस्ट्रँडर गवतात मधोमध उभा. गाडी जिकडं जाईल तिकडं फिरत होता, सूर्यफुलासारखा.

घरी सोडलं तेव्हा एवढंच म्हणाला, "त्या शिवणवाल्या बाईंचं नाव काय?"

"ओपल कीस्लर."

"ओपल कीस्लर," म्हणाला आणि आत गेला.


२० जून, रविवार

काहीच केलं नाही. पायरीवर बसून गाडीकडं बघितलं. क्लीटकाकांचा फोन: "तुझा तो ऑस्ट्रँडर पत्ते खेळतो का?"


२२ जून, मंगळवार

२१७. निशाण वर. पाकिटावर माझं नाव, आणि वर रीतसर तिकीट चिकटवलेलं — मलाच द्यायचं, माझ्याच हातात! हसत हसत फोडलं.

"हूबरबाई,

मी खोटं बोललो. गाडी मी काढली नाही. इनेजनं काढली, माझ्या बायकोनं. ती सीटच्या कापडाच्या खात्यात होती, तिथल्या बाईचं चित्र वरच्या मजल्यावर कुणी उघडूनही पाहिलं नसतं. मी आराखड्यांच्या खात्यात होतो, म्हणून खाली सही माझी. कारखाना गेल्यावर लोक दुकानात काय बोलतात ते ती ऐकून यायची. शेवटपर्यंत तिला वाटत राहिलं की गाव आपण मोडलं. तुम्ही पेलिकन घेतलीत ती गेल्यावर दोन वर्षांनी.

शनिवारी जे काही पडणार होतं ते माझ्यावर पडावं असं मला वाटत होतं. ते काय असेल हे मला पाहायचं होतं, तिचं नाव त्यात यायच्या आधी.

आता येऊ द्या. क्लीटना आधी सांगा.

लो. ऑ."

दोनदा वाचलं. वर पाहिलं तर आज तो पडद्यामागं नव्हता. अंगणात उभा होता, टोपी हातात.

दोनशे एकवीस घरांचं टपाल सीटवर होतं. गाडी तिथंच वळवली आणि सरळ क्लीटकाकांकडं गेले.